गावी राहिलेली माणसे

भाद्रपद महिना जवळ येऊ लागला, की कोकणातील एस. टी. च्या थांब्यांवर आणि रेल्वेच्या स्थानकांवर गर्दी उसळते. मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतून पोटापाण्यासाठी गेलेले चाकरमानी गणपतीसाठी गावी परततात. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपे निघतात, कोळिष्टके झाडली जातात, भिंतींना रंग लागतो. गणपतीच्या वर माटवी बांधून तीवर नारळ, सुपारी आणि रानातील फळे टांगली जातात. रात्र-रात्र भजने चालतात. एरवी जेथे माणसाचा आवाज क्वचितच कानी पडावा, त्या वाडीत पोरांचा कलकलाट माजतो. पुढे गौरी-गणपतींचे विसर्जन होते, गाड्या पुन्हा भरून जातात आणि एकामागून एक दारांना कुलपे लागतात.

अशा वाडीत दोन-चार घरे मात्र उघडीच राहतात. त्यांच्या कौलांतून सकाळी चुलीचा धूर वर येत असतो. शेजारच्या बंद घरांच्या किल्ल्या त्यांच्याच खुंटीवर टांगलेल्या असतात. तिन्हीसांजेला आपल्या तुळशीपुढे दिवा लावून झाला, की त्या घरची म्हातारी शेजारच्या अंगणातही एक पणती ठेवून येते. वानरांनी कौले फोडली, तर पावसापूर्वी शिडी लावून ती बदलण्याचे कामही यांच्याकडेच असते. जाणारा जाताना म्हणतो, “काकी, घराकडे बघा हां!” आणि काकी मान हलविते. या मान हलविण्यातच पुढील अकरा महिन्यांची जबाबदारी तिने पत्करलेली असते.

ही माणसे गावी का राहिली? सगळे गेले, तशी तीही का गेली नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी जाणारे का गेले हे पाहिले पाहिजे. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील ही चिंचोळी पट्टी दिसावयास हिरवीगार, परंतु शेतकऱ्याला ती सहजासहजी पोट भरू देत नाही. येथे पाऊस वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पडतो. पण जमीन उताराची, खडक जांभ्याचा. पडलेले पाणी खळाळत समुद्राला जाऊन मिळते आणि चैत्र-वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. भातखाचरे लहान. उरलेला सडा म्हणजे उघडा कातळ. त्यावर पावसाळ्यात गवत उगवते आणि उन्हाळ्यात नुसती धग निघते. अशा जमिनीवर वाढते कुटुंब कसे पोसावे? 1854 साली मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढे गिरण्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा तेथील यंत्रांवर उभे राहावयास रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचे लोंढेच्या लोंढे गेले. घरोघरी मनिऑर्डरची वाट पाहिली जाऊ लागली. त्यांच्या जाण्याला कोणी नावे ठेवू नयेत. त्यांच्या घामाच्या पैशावर कित्येक घरांतील चुली पेटत होत्या आणि कित्येक गावांतील शाळा उभ्या राहिल्या.

मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गेले ते बहुधा पुरुष गेले. गिरणगावात एकेका गाळ्यात दहा-दहा, बारा-बारा कामगार दाटीवाटीने राहत. एक पाळी कामावर गेली, की दुसरी पाळी त्याच जागेवर पथारी पसरी. जेवण खानावळीत. अशा ठिकाणी बायकापोरांना नेणार कोठे? म्हणून बायका गावी राहिल्या. त्या राहिल्या, असे म्हणण्यापेक्षा त्यांना राहावे लागले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. ‘तू येतेस की राहतेस?’ असे त्यांना फारसे कोणी विचारले नव्हते. परंतु भाजणी करावी, तरवा टाकावा, गुडघाभर चिखलात दिवस-दिवस वाकून लावणी करावी, भात झोडून कणगीत भरावे, म्हाताऱ्या सासूचे पथ्यपाणी पाहावे आणि पोरांना शाळेत घालावे, हे सारे त्यांनी केले. कोणत्या खाचरात पाणी आधी शिरते, कोणत्या बांधाला खेकडे भोके पाडतात, हे घरधन्यापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक झाले. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आढळल्या. एवढ्या एका आकड्यात या जिल्ह्याचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास साठविलेला आहे.

नाइलाजाने राहणे आणि मनापासून राहणे यांत अंतर आहे. ते अंतर कमी होण्यास जे कारण झाले, ते जमिनीच्या मालकीचे. पूर्वी कोकणातील पुष्कळ गावांवर खोतांचा अंमल चाले. शेत कसणाऱ्या कुळाने पावसात राबावे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात नेऊन घालावा, अशी रीत होती. ज्या मातीत वाडवडील राबले, ती आपली नाही आणि आपली होणारही नाही, ही जाणीव माणसाला गाव सोडावयास लावी. या अन्यायाविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातील चरी या गावी शेतकऱ्यांनी 1933 पासून वर्षानुवर्षे संप केला. शेते ओसाड राहिली तरी ते मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर 1949 साली खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि पुढे कूळकायद्यान्वये 1 एप्रिल 1957 हा ‘कृषकदिन’ ठरून कसणाऱ्या असंख्य कुळांना जमिनीचे मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याचे नाव चढले, तो माणूस त्या जमिनीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागला. भाताचे पीक चार-पाच महिन्यांत हाती येते. ते कूळही काढीत असे. परंतु आंब्याचे कलम कोण लावतो? ज्याला उद्याचा भरवसा वाटतो तोच.

कारण झाड लावणे म्हणजे थांबण्याचा करारच होय. हापूसचे कलम लावले, की पहिली पाच-सहा वर्षे त्याच्या उत्पन्नाची आशा धरता येत नाही. उन्हाळ्यात त्याला घागरीने पाणी घालावयाचे, गुरांपासून जपावयाचे, वणव्यापासून वाचवावयाचे. त्यातून हापूस हे लहरी झाड. एका वर्षी भरभरून फळते, दुसऱ्या वर्षी हात आखडते. नारळाचेही तसेच. ज्याने अशी पन्नास झाडे वाढविली, तो आपले गाव सहसा सोडीत नाही. पैसा सोडवत नाही असे कोणी म्हणेल. त्यात काही खोटे नाही. पण पैशाबरोबर आणखीही काही असते. या झाडाखाली आपण भात खाल्ला, त्या झाडाचे खड्डे आईने खणले, ही आठवण कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेली नसते.

शासनाने आणि शास्त्रज्ञांनीही या कामी हातभार लावला. 1972 साली दापोली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील आणि वेंगुर्ले येथील संशोधकांनी ‘रत्ना’, ‘सिंधू’ या आंब्याच्या नव्या जाती काढल्या आणि काजूच्या ‘वेंगुर्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भरघोस उत्पन्नाच्या जाती शेतकऱ्यांच्या हाती दिल्या. 1990 साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली. आपल्याच जमिनीत खड्डे खणावे, कलमे लावावी आणि त्याची मजुरी मिळावी, अशी ही योजना होती. त्यामुळे पूर्वी ज्या सड्यावर गवताशिवाय काही नव्हते, तेथे सुरुंग लावून कातळ फोडला गेला, खड्ड्यांत माती भरली गेली आणि कलमे डोलू लागली. कातळावर आंबा पिकविणे ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी ती केली, त्यांना ‘तुम्ही मुंबईला का गेला नाही?’ असे विचारण्याचे धैर्य आता कोणाला होत नाही.

जमीन नसलेलीही माणसे गावी राहतात. किनाऱ्यावरील कोळी आणि गाबीत यांचे शेत म्हणजे समुद्र. त्या शेताला बांध नाही आणि त्याचा सातबाराही कोणाच्या नावे नाही. तरी त्यांना तो सोडवत नाही, याचे कारण त्यांच्या ज्ञानात आहे. भरती-ओहोटीचीच गोष्ट घ्या. किनाऱ्यावरील जुन्या माणसाला भरती केव्हा येणार हे विचारले, तर तो घड्याळाकडे न पाहता आज तिथी कोणती हे विचारतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ठोकळमानाने निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वा अकरा. म्हणजे सव्वा अकराच्या सुमारास, आणि त्या दिवसांत पाण्याला उधाणही मोठे असते. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे चढत नाही, फारसे उतरतही नाही. त्याला ‘भांग’ म्हणतात. हे गणित कोकणच्या किनाऱ्यापुरते खरे. दुसऱ्या एखाद्या समुद्रावर नेले, तर ते चुकेल. कोणत्या खडकाजवळ कोणता मासा फिरतो, वारा कोणीकडून फिरला म्हणजे होडी माघारी वळवावी, हे ज्ञानही असेच स्थानिक असते. ज्याच्याजवळ ते आहे तो आपल्या किनाऱ्यावर पंडित असतो. शहरात गेला तर केवळ हमाल ठरतो. आपल्या ज्ञानाला जेथे किंमत आहे, तेथेच माणूस राहू इच्छितो, यात नवल काय?

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ‘रापण’ नावाची मासेमारी चालते. एक प्रचंड जाळे होडीने अर्धवर्तुळाकार समुद्रात टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे; तीत अनेक कुटुंबांचे वाटे असतात. दोराला हात लावावयास आलेला वाटेकरी नसला, तरी तो रिकाम्या हाताने परत जात नाही. चार बांगडे त्याच्या टोपलीत पडतातच. यांत्रिक बोटी समुद्रात वाढल्या, तसे रापणीला मासे कमी मिळू लागले आणि कित्येक रापणी बंदही पडल्या. ज्या उरल्या आहेत, त्यांच्या दोरावर आता पांढऱ्या केसांची माणसे अधिक दिसतात.

शिकलेल्या माणसाने गावी राहावे की नाही, हा प्रश्न याहून अवघड आहे. शिक्षण आणि शहर यांची गाठ लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. मुलगा शिकला आणि गावी राहिला, तर त्याला काही जमले नाही असेच समजले जाते. या समजुतीला छेद देणारा एक पुरुष कोकणात होऊन गेला. त्यांचे नाव सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन (1894–1971). एम. ए. पर्यंत शिकलेल्या या विद्वानाला प्राध्यापकाची नोकरी करीत सुखाने राहता आले असते. परंतु गांधीजींच्या विचाराने ते भारले गेले आणि त्यांनी आपले आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांना वाहिले. समाजाने जी कामे हलकी ठरविली होती, तीच त्यांनी हाती घेतली. तुरुंगात असताना भंगीकाम करू द्यावे, म्हणून 1932 साली त्यांनी अन्नाचा त्याग केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही उपवास आरंभिला होता. पुढे 1948 साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्यापासून खत, मेलेल्या जनावरांपासून चामडे, अशा कामांचे प्रयोग तेथे केले. लोकांनी त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हटले. अप्पासाहेब कोकणात राहिले ते बागेसाठी नव्हे, की घरासाठी नव्हे. येथे करण्यासारखे काम पडून आहे, हेच त्यांना राहावयास पुरेसे कारण वाटले.

देवाधर्माचे कारण तर घरोघरी सांगितले जाते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी रत्नागिरीकडील गावांत घरोघर फिरते. पालखीला खांदा द्यावयास माणसे लागतात, ढोल वाजवावयास लागतात, कोणत्या वाडीचा मान आधी आणि कोणाचा नंतर हे सांगणारे जाणतेही लागतात. चाकरमानी रजा काढून येतात खरे. पण वर्षभर देवळाचा दिवा कोणी लावावयाचा? देवराईतील एखादे झाड कोणी तोडले तर हटकावयाचे कोणी? या कामासाठी कोणी पगार देत नाही. तरीही ते करणारा कोणी ना कोणी गावात असतो, आणि ‘मी गेलो तर हे कोण करील?’ एवढ्या एका विचाराने तो जागचा हलत नाही.

असे असले, तरी गावी राहणे सुखाचेच असते असे समजणे भोळेपणाचे होईल. दवाखाना दूर आणि पावसाळी रात्री वाहन मिळणे कठीण. वानरे आणि रानडुकरे उभे पीक फस्त करतात. एकेका जमिनीच्या उताऱ्यावर वीस-वीस हिस्सेदारांची नावे. त्यांतील निम्मे मुंबईला. त्यामुळे एखादा बांध घालावयाचा म्हटले तरी सर्वांच्या सह्या गोळा करताना वर्ष सरते. पुष्कळ वाड्यांतील शाळांत मुलांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 साली ती 16,15,069 भरली. शेजारच्या सिंधुदुर्गातही त्याच दहा वर्षांत ती 8,68,825 वरून 8,49,651 वर उतरली. महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत माणसे वाढत असता या दोन जिल्ह्यांत ती घटली.

1998 साली कोकण रेल्वे सुरू झाली, तेव्हा आता कोकणी माणूस गावातच राहील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु रूळ दोन्ही दिशांना जातात. जो जाऊ इच्छीत होता, त्याला जाणे सोपे झाले. जो राहू इच्छीत होता, त्याला राहणे सुसह्य झाले. मुंबईला दुखणाईत भावाला पाहून दुसऱ्या दिवशी गुरांची वैरण करावयास परतता येते, ही सोय थोडी नव्हे. मुलगा दूर असला तरी दिवसागणिक फोनवर बोलतो. त्यामुळे ‘आई, आता तू इकडेच ये’ हा त्याचा आग्रह आणि ‘पुढल्या वर्षी बघू’ हे तिचे उत्तर, दोन्ही वर्षानुवर्षे चालू राहतात. काही म्हाताऱ्या महिना-दोन महिने मुलाकडे जाऊनही येतात. तेथे नातवंडे असतात, नळाला पाणी असते. तरी मृग जवळ आला, की त्यांचे चित्त लागत नाही. बियाणे कोणत्या मडक्यात ठेवले आहे हे त्यांनाच माहीत असते ना!

या राहणाऱ्यांची खरी कसोटी 3 जून 2020 रोजी लागली. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारा वाहत होता. श्रीवर्धनचा परिसर सुपारीसाठी प्रसिद्ध. तेथील ‘रोठा’ सुपारीला मोठे नाव आहे. घराला लागूनच सुपारी-नारळाची वाडी असावयाची, आणि तीवरच वर्षाचा खर्च चालावयाचा, अशी तेथील घरांची घडी. आजोबा-पणजोबांनी लावलेली ती उंच, सडपातळ झाडे काही तासांत काड्यांसारखी मोडून पडली. पत्रे उडाले, कौले फुटली, विजेचे खांब आडवे झाले. वादळ शमल्यावर लोक बाहेर आले, तेव्हा आपली वाडी कोठे संपते आणि शेजाऱ्याची कोठे सुरू होते, हेही ओळखू येईना. सावलीत वाढलेल्या अंगणांत पहिल्यांदाच रखरखीत ऊन पडले होते.

सुपारीचे रोप लावल्यापासून नीट उत्पन्न यावयास सहा-आठ वर्षे लागतात. ज्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते, त्यांनी हा हिशेब मनात केला नसेल असे नाही. काहींनी वाडी तशीच सोडून मुलांकडे जाण्याचा मार्ग धरला. त्यांना दोष कसा द्यावा? पुष्कळांनी मात्र प्रथम पडलेली खोडे करवतीने कापून बाजूला केली. ते काम काही आठवड्यांत आटोपणारे नव्हते. मग त्यांनी रोपांची चौकशी सुरू केली. श्रीवर्धनला सुपारीचे संशोधन केंद्र आहे. रोप मात्र सर्वांना एकाच वेळी मिळणे शक्य नव्हते. म्हणून ज्यांच्या वाडीत एखादे जुने झाड उभे राहिले होते, त्यांनी त्याची पिकलेली फळे खाली पडू दिली, वेचली आणि ओल्या जागी रुजत घातली.

कोवळ्या सुपारीला ऊन सोसत नाही. जुन्या वाडीत मोठ्या झाडांची सावली असे, ती आता उरली नव्हती. तेव्हा आधी केळी लावाव्या लागल्या. केळ लवकर वाढते, रुंद पानांची सावली धरते आणि वर्षभरात एखादा घडही देते. त्या केळीच्या आडोशाला सुपारीची रोपे लावली गेली आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना शिंपणे सुरू झाले.